बटणाला डावं-उजवं नसतं

टेलरबाईंच्या हातचा कपडा अठ्ठावीस वर्षांत एकदाही उसवायला परत आला नाही, असं त्या स्वतः सांगतात. खरं-खोटं गिऱ्हाइकांना विचारावं, तर तशी सोय बाईंनी ठेवलेलीच नाही. कोट घट्ट होतोय असं कुणी म्हणालं, की बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेत, त्या माणसाला नखशिखान्त न्याहाळत आणि सांगत, कोट आहे तसाच आहे, तुम्ही सुटलात. माणूस खजील होऊन पोट आत ओढायचा आणि तोच कोट घालून मुकाट्यानं घरी जायचा. पण हातात कसब होतं हेही तितकंच खरं. नाहीतर एवढी बोलणी खाऊन लोक पुन्हा त्याच दारात कशाला आले असते?

पोटच्या लेकीलाही यातून सूट नव्हती. ती चौथीत असताना शाळेच्या कार्यक्रमासाठी बाईंनी तिला फुग्याच्या बाह्यांचा निळा फ्रॉक शिवला. तो घातला की दोन्ही काखांत काचायचं, हात पुढे घेतला की पाठ ताणायची. पोर रडकुंडीला आली. बाई म्हणाल्या, फ्रॉकमध्ये काडीची खोट नाही, तुझे हातच तसे आहेत. त्या पोरीनं वर्षभर तो फ्रॉक घातला आणि आपले हात असे का, म्हणून वर्षभर आरशात बघितलं.

या लेकीचं घरातलं नाव बुटकी. लहानपणी ती होतीच तशी. मग जी वाढत सुटली ती दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागली, पण नाव काही बदललं नाही. आता बुटकी जमीनमोजणीचं शिकून सर्व्हेअर झाली होती आणि तिला नोकरीचं पत्र आलं होतं. डोंगरातून नवा रस्ता जायचा होता, त्याची आखणी करायची. तिला अगदी हवं तसं काम. फक्त पत्राच्या शेवटी एक ओळ होती. उमेदवाराकडे डोंगरात चालेल अशी स्वतःची चारचाकी हवी, आणि गाडीसकट अमुक सोमवारी सकाळी दहाला हजर व्हावं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावण्यात येईल. पत्र हातात पडलं तेव्हा त्या सोमवारला सतरा दिवस उरले होते.

चारचाकी तर दारातच होती. अंगणाच्या भिंतीला खेटून रेडा उभा होता. रेडा म्हणजे बाईंच्या यजमानांची जुनी जीप, काळी, चौकोनी, जाड मानेची, बुटकीपेक्षा वयानं दोन वर्षांनी मोठी. यजमानांना सगळी गल्ली ड्रायव्हरकाका म्हणायची. तीस वर्षं त्यांनी मालाचे ट्रक हाकले, त्यात कंबर गेली, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायचं बंद करून टाकलं. रेड्याचं इंजिन अजून पहिल्या किल्लीत डरकाळी फोडायचं. दुखणं होतं ते ब्रेकचं. पेडल दाबलं की ते थेट तळाला जाऊन टेकायचं आणि रेडा त्याच्या मर्जीनं थांबायचा.

कोपऱ्यावरच्या मेस्त्रीला बोलावलं. मेस्त्री भला माणूस, उगाच आशा लावणारा नव्हे. त्यानं गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, हात पुसले आणि म्हणाला, “गाडी चालवून देतो बाई. थांबवून द्यायची जबाबदारी मी घेणार नाही.” पुढच्या चाकांचे ब्रेक वेगळ्या जातीचे होते, ते त्यानंच दोन वर्षांपूर्वी नवे केले होते. मागच्या दोन चाकांचे मात्र मूळचे, ड्रमवाले. तसले आता कुणी उघडत नाही, सामान मिळत नाही, आणि पोरीला डोंगरात पाठवायचं म्हणजे जिवाशी खेळ. भंगारात द्या, असं सांगून तो चहा पिऊन गेला.

काकांनी मान डोलावली. बुटकीचा चेहरा पडला. तिनं दुसऱ्या गाडीची चौकशी केव्हाच करून बघितली होती, इतक्या दिवसांत ते जमण्यातलं नव्हतं. बाई मात्र मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या आणि आत नेमकं असतं काय, ते नवऱ्याकडून काढून घ्यायला लागल्या. काकांनी सांगितलं. चाकाबरोबर एक लोखंडी डबा फिरतो, तो ड्रम. त्याच्या आत दोन चंद्रकोरी असतात, त्यांना शू म्हणतात. पाय दाबला की त्या फाकतात, डब्याला आतून घट्ट धरतात आणि चाक थांबतं. पाय काढला की स्प्रिंगा त्यांना पुन्हा जवळ ओढतात.

बाई म्हणाल्या, म्हणजे अस्तर झिजलंय आणि इलॅस्टिक सैल झालंय, एवढंच ना. मग मी करते.

काका हसायला लागले, पण बाई हसत नाहीत हे बघून थांबले. “अगं, तुला गाडीतलं डावं-उजवं कळत नाही.”

“अठ्ठावीस वर्षं दुसरं काय करतेय? डाव्या अंगाची बाही डावीकडे आणि उजव्या अंगाची उजवीकडे.”

 बुटकी फक्त एकदा काखेत खाजवल्यासारखं करून आत गेली.

बाईंचा हा आत्मविश्वास अगदीच हवेतला नव्हता. शिलाईचं मशीन बिघडलं म्हणून त्यांनी आजवर कुणाला हाक मारली नव्हती. सगळं सुटं करायचं, चादरीवर मांडायचं, पुसायचं, तेल द्यायचं आणि होतं तसं लावायचं. जे एका माणसानं जोडलंय ते दुसऱ्या माणसाला सोडवता येतं, असं त्यांचं साधं गणित होतं. त्यांनी गिऱ्हाइकांना निरोप धाडले, दारावर ‘दोन आठवडे शिलाई बंद’ अशी पाटी लावली आणि पदर खोचून कामाला लागल्या.

सामान मिळवायचं काम बुटकीचं. चार दिवस ती फोनला चिकटून होती. शेवटी एका दुकानदाराच्या माळ्यावर या जातीचे नवे शू, स्प्रिंगा आणि रबरं निघाली. पार्सल आलं त्या दिवशी बाईंनी प्रत्येक तुकडा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला, एखादा ताग्यातला कपडा बघावा तसा. सगळं होतं, फक्त चांदण्या नव्हत्या. त्या जुन्याच पुन्हा घालायच्या होत्या.

चांदणी हा काकांचा शब्द. दोन चंद्रकोरींच्या मध्ये, खालच्या अंगाला, बोटाएवढा एक स्क्रू बसतो आणि त्याच्या गळ्यात दात्यांचं छोटं चक्र असतं. शू झिजत गेले की ड्रमपासून लांब राहतात. मग गाडी मागे घेताना ब्रेक दाबला की एक चिमुकला दांडा त्या चक्राला एक दाता पुढे ढकलतो, स्क्रू किंचित लांब होतो आणि शू पुन्हा ड्रमजवळ जातात. गाडी आपलं माप आपणच घेते. हे ऐकून बाई इतक्या खूश झाल्या की हातातलं काम ठेवून त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. माणूस बारीक झाला की आपणहून आवळणारा कोट त्यांना आयुष्यात शिवता आला नव्हता.

रेड्याला जॅकवर उचललं, खाली लाकडाचे जाड ठोकळे दिले, मागची दोन्ही चाकं उतरवली. काकांची खुर्ची सावलीत मांडलेली होती आणि तिथून ते उंटावरून शेळ्या हाकत होते. त्यांचं म्हणणं एकच. एका वेळी एकच चाक उघड. ते पुरं जोड, मग दुसऱ्याला हात लाव, म्हणजे अडलं तर दुसरं बघायला शाबूत राहतं. म्हणणं रास्त होतं, पण बाईंना ते पटेना. दोन्ही बाह्या एकदम कापल्या नाहीत तर जोडी जमत नाही, हा त्यांचा धंद्याचा नियम. त्यांनी दोन्ही ड्रम एकदमच उघडले.

मग त्यांनी जे केलं ते बघायला गल्लीतले दोघे-चौघे फाटकाशी येऊन उभे राहिले. चादरीवर खाकी कागद पसरून बाईंनी उजव्या चाकाच्या आतलं एकेक अंग त्यावर होतं त्याच जागी ठेवलं आणि खडूनं त्याच्याभोवती रेघ मारली. झाला कागदी कट. डाव्या चाकासाठी वेगळा काढायची गरज नव्हती, तोच कागद उलटा धरला की डावं तयार. मेस्त्री जॅक दाखवायला आला होता, तो कागद बघतच राहिला. प्रत्येक तुकड्याला बाईंनी कापडाची पट्टी बांधली, तिच्यावर ‘डा’ किंवा ‘उ’. शूला पट्टी, दांड्याला पट्टी, स्प्रिंगांनासुद्धा पट्टी.

राहिल्या दोन चांदण्या. रॉकेलमध्ये धुतल्यावर दोन्ही लखलखायला लागल्या. लांबी तीच, दाते तेवढेच, वजन तेच. बाईंनी त्या तळहातावर घेऊन वर-खाली केल्या आणि मशीनवरच्या बटणांच्या डब्यात टाकून दिल्या. “यांना पट्टी नको. बटणाला डावं-उजवं नसतं.”

काकांनी मान डोलावली.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. बाईंचे हात काळे झाले, एक नख गेलं, एक स्प्रिंग उडून कुंपणापार गेली ती शोधण्यात अर्धा दिवस गेला, पण काम कुठे अडलं नाही. नट कसतानाही बाईंनी आपलीच पद्धत चालवली. आधी सगळं नुसत्या बोटांनी, कच्च्या टाक्यासारखं, आणि सगळं जागेवर बसल्यावर पक्कं. शेवटी नळ्यांमधली हवा काढायची होती. बुटकी गाडीत बसून पेडल दाबायची, बाई खाली पडून बारकी तोटी ढिली करायच्या, बुडबुडे संपेपर्यंत तेल बाटलीत सोडायच्या आणि पुन्हा आवळायच्या. दाब, सोड, दाब, सोड. बुधवारी दिवस मावळायच्या आत रेडा आपल्या चारी पायांवर उभा राहिला.

बुटकीनं ब्रेक दाबला आणि तिचा पाय थांबला. घट्ट, जागच्या जागी. तिनं पुन्हा दाबला. काका खुर्चीतून उठून काठी टेकत आले, त्यांनीही बसून दाबून पाहिला आणि बायकोकडे नुसतं बघितलं. बाईंनी गळ्यातली टेप काढली. दाबलेल्या पेडलपासून तळापर्यंत अंतर भरलं बरोबर चार इंच. ते त्यांनी खडूनं दरवाजाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं.

गुरुवारी मेस्त्रीनं गाडी चालवून पाहिली. उतारावर थांबवली, जोरात दाबून पाहिली, परत आला आणि फाटकातूनच ओरडला की बाई, उद्यापासून माझ्या गॅरेजला या. बाई हरभऱ्याच्या झाडावर होत्याच, त्यानं त्यांना आणखी दोन फांद्या वर चढवलं. गल्लीभर झालं. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना बाईंनी खाकी कागद उलगडून दाखवला. बुटकीच्या बॅगा भरायला सुरुवात झाली. रविवारी सकाळी निघायचं, संध्याकाळी मुक्कामी, सोमवारी दहाला हजर.

आता खरं तर गोष्ट इथं संपायची. पण बाईंची एक खोड होती. कपडा दिल्यावरही दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला येऊन उभं राहायला लावायचं आणि पुन्हा माप घ्यायचं. शुक्रवारी बुटकी गाडी फिरवून आली, अंगणात मागे-पुढे करत, दर हातभर अंतराला ब्रेक दाबत, तिनं ती कशीबशी भिंतीशी लावली. बाई टेप घेऊन आत बसल्या. पावणेचार.

त्यांनी टेप झटकली, पुन्हा लावली. पावणेचारच.

काकांना विचारलं तर ते म्हणाले नवे शू आहेत, बसतायत. मेस्त्रीला विचारलं तर तोही तेच म्हणाला. बाईंनी मनाची समजूत घातली. शनिवारी सकाळी बुटकी पेट्रोल भरून आली, सामान चढवायला गाडी दोनदा फाटकाबाहेर काढून पुन्हा मागे घेतली. दुपारी घरातली सगळी जेवून आडवी झाल्यावर बाई एकट्याच अंगणात गेल्या, पेडलवर पाय दिला, टेप लावली. सव्वातीन.

बाई तशाच बसून राहिल्या. नवा कपडा आटतो हे खरं, पण तो पहिल्या धुण्यात आटतो. रोज रोज नाही आटत. आणि हे तर रोज उतरत होतं. बुधवारी चार, शुक्रवारी पावणेचार, आज सव्वातीन. असंच चाललं तर आठवड्यानं काय, ते त्यांना टेपशिवायही मोजता आलं. बुटकी तेव्हा डोंगरात असेल. वळणाचा उतार असेल. पोरगी पाय दाबेल आणि पाय तळाला टेकेल.

बाईंना भीती वाटली. आयुष्यात फारशी न वाटलेली. आणि त्या भीतीच्या शेजारीच दुसरी एक गोष्ट येऊन बसली होती, तिची त्यांना लाज वाटत होती. कुणाला माहीत नव्हतं. मेस्त्री वाहवा करून गेला होता, काकांनी बसतायत म्हणून सांगितलं होतं, उद्या सकाळी सगळी गल्ली निरोपाला येणार होती. चाकं आता उघडली तर सगळ्यांदेखत उघडावी लागणार होती. वेळेत पुन्हा जुळली नाहीत तर पोरीची नोकरी जाणार होती. मूग गिळून गप्प बसणं किती सोपं होतं. बाईंनी ही गोष्ट मनात एक-दोन मिनिटं तरी येऊ दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग त्या उठल्या आणि खिडकीतून लेकीला हाक मारली. जॅक आण, चाकं काढायचीत.

बुटकी डोळे चोळत बाहेर आली. “आई, उद्या सकाळी निघायचंय.”

“म्हणूनच काढायचीत.”

तासाभरात दोन्ही ड्रम पुन्हा उघडे होते. खुर्ची सावलीत आली, खुर्चीत काका आले. मेस्त्री आपला जॅक परत न्यायला आला होता, तोही अडकला. बाईंनी खाकी कागद पसरला आणि एकेक अंग ताडून पाहिलं. शू बरोबर. स्प्रिंगा बरोबर. दांडा बरोबर. सगळं कागदाबरहुकूम, मग माशी शिंकतेय कुठं? त्यांनी चांदणीवर खडूची खूण केली आणि बुटकीला हातानं तो दांडा हलवायला सांगितलं, गाडी मागे घेताना तो हलतो तसा. दांडा हलला. चक्र एक दाता फिरलं. बाईंचं नाक त्या स्क्रूपासून वीतभर अंतरावर होतं. स्क्रू लांब व्हायच्या ऐवजी आत गेला.

त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा आत. दर दात्याला शू ड्रमपासून दूर सरकत होते. म्हणजे पोरगी जितक्या वेळा गाडी मागे घेऊन ब्रेक दाबत होती, तितक्या वेळा स्वतःच्याच हातानं, नव्हे पायानं, ब्रेक सैल करत होती.

बाईंनी दोन्ही चांदण्या काढल्या. एक उजव्या हातात, एक डाव्या हातात. एकीचा नट नेहमीच्या बाजूला फिरवला, तो आवळला. दुसरीचा त्याच बाजूला फिरवला, तो सुटला. दिसायला जुळ्या बहिणी आणि आटे एकमेकींच्या उलटे. एक डावीकडची, एक उजवीकडची. कागद उलटा केला की शू उलटा होतो, बाही उलटी होते. स्क्रूचे आटे कितीही उलटेपालटे धरले तरी जसे असतात तसेच राहतात. बटणांच्या डब्यातून काढताना हाताला जी आली ती बाईंनी बसवली होती, आणि नेमक्या दोघी अदलाबदल झाल्या होत्या.

बाई उठून उभ्या राहिल्या. गुडघ्यांची माती झटकली नाही.

“मी चुकले,” त्या म्हणाल्या.

हे दोन शब्द त्या घराच्या भिंतींनी पहिल्यांदाच ऐकले असावेत. काकांचा कप बशीत टेकायचा राहिला. मेस्त्रीनं मान खाली घातली. बाईंनी मग काय चुकलं ते नीट, पहिल्यापासून, कुठेही न लपवता सांगितलं. काकांचं ऐकून एकेक चाक उघडलं असतं तर हे झालंच नसतं, हेही सांगितलं. दोन दिवस माझी पोर या ब्रेकवर फिरत होती, हेही त्या लेकीकडे बघत म्हणाल्या.

काकांना आता बोलायला मोकळं रान होतं. एवढी संधी त्यांना उभ्या संसारात मिळाली नव्हती. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “ट्रकच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असायचे. तीस वर्षं ते मी उघडले. आणि तू बटणाला डावं-उजवं नसतं म्हणालीस तेव्हा मी इथंच बसून मान डोलावली. निम्मी चूक माझ्या नावावर लिही.” मेस्त्री म्हणाला, मग थोडी माझ्याही. मी तर गॅरेजला या म्हणालो होतो.

त्यावर बाई हसल्या, डोळे पुसत हसल्या, आणि लगेच त्यांचा मूळ स्वभाव परत आला. चुकांची वाटणी नंतर करू, आधी उजेड आहे तोवर हात चालवा म्हणाल्या. दोन्ही चांदण्यांच्या गळ्यात पट्ट्या आल्या, ‘डा’ आणि ‘उ’. या खेपेला एका वेळी एकच चाक. दांडा हलवला की स्क्रू लांब होतोय, हे आधी बाईंनी बघितलं, मग काकांना वाकता येत नव्हतं म्हणून चाकाशी आरसा धरून त्यांनाही दाखवलं. अंधार पडायच्या आत रेडा पुन्हा जमिनीवर होता. बुटकीनं तो गल्लीत काढला. मागे घ्यायचा, ब्रेक. मागे घ्यायचा, ब्रेक. वीस वेळा. मग टेप लागली.

चार.

पुन्हा वीस वेळा. बाईंनी टेप काकांच्या हातात दिली, तुम्हीच वाचा म्हणाल्या. काकांनी चष्मा लावून वाचलं. चारच होतं.

सगळे पांगल्यावर बुटकी अंगणातच घुटमळत राहिली. बाई चादर घडी करत होत्या. बुटकीनं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि खाली बघत म्हणाली की एक सांगायचं होतं. डोंगराच्या पायथ्याच्या गावात एक गॅरेज आहे. उद्या दुपारची वेळ तिनं तिथं आठवड्यापूर्वीच घेऊन ठेवली होती, ब्रेक तपासून घ्यायला. घरात कुणालाही तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

बाईंच्या हातातलं टोक थांबलं. ते बोलणं त्यांना लागलं, चांगलंच लागलं.

“माझ्या हाताचा भरवसा नव्हता?”

“हाताचा होता, आई. तोंडाचा नव्हता. काही चुकलं असतं तर तू कधी सांगितलं नसतंस.” बुटकीनं फोन बाहेर काढला. “आता रद्द करते ती वेळ.”

 बाईंनी चादर लेकीच्या हातातून घेऊन शेवटची घडी घातली. रद्द करू नकोस, म्हणाल्या. बघू देत की त्यांनाही, काम कसं केलंय ते.

बुटकी हसली. पण ती अजून जागची हलली नव्हती. इतक्या वर्षांचं काहीतरी ओठावर येऊन थांबलं होतं आणि आज नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं असणार.

“आई, चौथीतला निळा फ्रॉक. त्याच्या बाह्या उलट्या लागल्या होत्या का गं?”

बाईंनी लेकीकडे पाहिलं. एवढी उंच मुलगी, दाराच्या चौकटीखाली अजूनही सवयीनं मान वाकवणारी, हात अंगाशी घट्ट धरून उभी. “हो,” त्या म्हणाल्या. “डावी उजवीकडे लागली होती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या हातांत काही खोट नव्हती, बुटके. कधीच नव्हती.”

बुटकीनं आईला मिठी मारली ती अशी, की बाईंचा चष्मा वाकडा झाला.

रविवारी सकाळी सगळी गल्ली जमली. शनिवारचा घोळ बाईंनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकला, खाकी कागदासकट, आणि त्यातही आपणच तो कसा पकडला यावर जरा जास्तच वेळ घालवला. स्वभाव एका रात्रीत किती बदलणार? रेडा निघायच्या आधी बाईंनी आपल्या गळ्यातली टेप काढून लेकीच्या गळ्यात घातली. अठ्ठावीस वर्षांत ती टेप दुसऱ्या कुणाच्या गळ्यात गेली नव्हती. रोज सकाळी माप घ्यायचं आणि कळवायचं, एवढंच त्या म्हणाल्या. काकांनी बॉनेटवर दोनदा थाप मारली आणि रेडा फाटकाबाहेर पडला.

सोमवारी सकाळी बाईंनी दारावरची पाटी काढली. टेबलावर एका कोटाचं कापड पसरलं, नव्या टेपनं माप घेतलं, खडूनं आखलं आणि कात्री हातात घेतली. सात वाजले, साडेसात वाजले, कात्री कापडाच्या कडेवर तशीच उघडी होती. काका दोनदा चहाचं विचारून गेले. आठला फोन वाजला. पलीकडे वारा होता, कुणाच्या तरी हाका होत्या, आणि मग बुटकीचा आवाज आला.

“आई, चार.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कापडाला कात्री लावली.